उतरंड, राखाडी डबा आणि कापलेले मार्क

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत मुलांच्या कोडिंगवर लेख आला होता. त्यात असं म्हटलं होतं की आता ॲनिमेशनवाली ॲप आलीत, पोरांनी नुसतं बघितलं की डेटा स्ट्रक्चर (कॉम्प्युटरमध्ये माहिती रचून ठेवायच्या पद्धती) डोक्यात बसतं, फळा नको नि पुस्तक नको. लेख वाईट नव्हता, पण ते "नुसतं बघितलं की" वाचलं आणि माझा चहा तसाच गार झाला, कारण हेच मी स्वतः करून बसलोय आणि तोंडावर आपटलोय. म्हणून हे पत्र. लांबलंय, माहितीये, हवं तिथे कापा.

मी तालुक्याच्या गावातल्या एका डिप्लोमा कॉलेजात कॉम्प्युटरच्या पोरांना शिकवतो, १९ वर्षं झाली, त्यातली निम्मी तरी लॅबमधल्या बंद पडलेल्या एसीखाली गेली असतील. तिसऱ्या सेमिस्टरला सी या प्रोग्रामिंगच्या भाषेतून डेटा स्ट्रक्चर असतं आणि त्यात पोरांना पहिला दणका बसतो तो स्टॅकचा. खरं तर इतकी सोपी गोष्ट नाही दुसरी. घरी पोळ्यांचा डबा असतो ना, नवी गरम पोळी वर पडते, जेवायला बसणारा वरचीच उचलतो, तळातली बिचारी तशीच राहते आणि सकाळी तिची फोडणीची पोळी होते, बस, हाच स्टॅक. शेवटी आलेला पहिला जातो. रेशनच्या रांगेत उलटं, पहिला आलेला पहिला जातो, तो क्यू. एवढंच. पण हेच पुस्तकात "लास्ट इन फर्स्ट आउट" म्हणून आलं, त्याच्याखाली पुश (वर ठेवणं) आणि पॉप (वरचं काढणं) यांचे अल्गोरिदम आले, टॉप, म्हणजे सगळ्यात वरचा कितवा ते सांगणारा आकडा, बरोबर उणे एक आलं, की पोरं पाठांतराला लागतात आणि मग पोळीचा डबा कुठल्या कुठे राहतो.

सात-आठ वर्षांपूर्वी मला वाटलं आपण एक झक्कास ॲनिमेशन करू. तीन शनिवार-रविवार घालवले, बायको बोलायची बंद झाली होती, पण केलं. रंगीत डबे वरून घसरत येतात, टक्क आवाज होतो, पॉप केलं की डबा उडून उजवीकडे जातो नि विरघळतो. प्रोजेक्टरवर लावलं, पोरं म्हणाली भारी सर, परत दाखवा, मी परत दाखवलं, मागच्या बाकावरचे पण बघत होते म्हणजे बघा. आठ दिवसांनी टेस्ट घेतली, प्रश्न साधा, १०, २५, ४० पुश करा, एकदा पॉप करा, आता चित्र काढा. अर्ध्या वर्गाने १० काढून टाकला होता. म्हणजे क्यू! तीन रविवार गेले आणि पोरांच्या लक्षात काय राहिलं तर टक्क आवाज.

तेव्हा फार राग आलेला, पोरांचाच आला होता खरं सांगायचं तर. मग एका ओळखीच्या प्राध्यापकांनी सांगितलं की बाबा यात नवीन काही नाही, अमेरिकेत हंडहाउझेन, डग्लस आणि स्टॅस्को या तिघांनी २००२ साली अशा ॲनिमेशनवर झालेले २४ प्रयोग एकत्र तपासले होते आणि त्यातून निघालं ते हे की पडद्यावर काय दिसतं यापेक्षा शिकणारा स्वतः काय करतो याने जास्त फरक पडतो. बघणारा बघतच राहतो. आता बोला. माणसं १९८० च्या दशकापासून अशी ॲनिमेशन करतायत, टोरंटो विद्यापीठाने तर १९८१ मध्ये सॉर्टिंगवर अख्खी फिल्म काढली होती, आणि आम्ही इकडे गावात नवा शोध लावल्यासारखे तीन रविवार बसलो होतो.

तर दुसऱ्या वर्षी मी उलटं केलं. ॲनिमेशन दाखवलंच नाही, पोरांना सांगितलं स्टॅक तुम्हीच काढा. स्क्रीनवर. चाळीस-पन्नास ओळींत बसलं पाहिजे, दिसायला कसंही चालेल.

त्याआधी मात्र एक दिवस नुसती उतरंड सांगितली. आत्ताच्या पोरांनी बघितलेली नसते, मी माझ्या आजीकडे बघितलीये. कोपऱ्यात जमिनीवर चुंबळ, त्यावर मोठं मडकं, त्यावर जरा लहान, त्यावर अजून लहान, अशी पार डोक्याच्या वरपर्यंत. तळाच्या मडक्यात बियाणं असायचं, ते लागायचं वर्षातून एकदा, आणि त्या दिवशी आजी एकेक मडकं उतरवायची, आम्हाला लांब बसवायची, हात लावायचा नाही म्हणायची, आणि परत रचताना बरोब्बर उलट्या क्रमाने. मधलं मडकं ओढून काढायचा विचार पण कुणी करत नसे. आता यात सगळा धडा आलाच की. वर मडकं ठेवलं ते पुश, वरचं उतरवलं ते पॉप, वरच्याचं झाकण उघडून नुसतं डोकावलं ते पीक, उतरंड आढ्याला टेकली की ओव्हरफ्लो, आणि नुसती चुंबळ उरली असताना हात घातला तर अंडरफ्लो. आपल्याकडे म्हणच आहे, उतरंडीला नसेना दाणा पण दादला असावा पाटील राणा. अंडरफ्लो हो, दुसरं काय! वर्गात एकजण म्हणाला सर ही म्हण परीक्षेत लिहिली तर मार्क मिळतील का. मी म्हटलं नाही मिळणार रे.

आता प्रोग्राम. आमच्याकडे सी चे प्रोग्राम चालवायला अजून टर्बो सी आहे, हसू नका. बोरलँड कंपनीचं १९८७ चं पोरगं ते, विंडोजच्या आधीच्या डॉसवरचं, आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर थेट चालतच नाही, डॉसबॉक्स नावाच्या खोट्या डॉसमध्ये बसवून चालवावं लागतं. पण त्याच्याबरोबर बीजीआय म्हणून चित्रं काढायची सोय मिळते, ६४० बाय ४८० ठिपके, १६ रंग, आणि आमच्या कामाला तेवढं पुष्कळ. पहिला अर्धा तास नेहमी एकाच गोष्टीत जातो, चित्रं सुरू करणाऱ्या इनिटग्राफ या हुकमाला बीजीआय फोल्डरचा पत्ता देताना उलटा स्लॅश दोनदा लिहायचा असतो, पोरं एकदाच लिहितात, आणि मग स्क्रीनवर येतं की ग्राफिक्स इनिशियलाइज झालं नाही. दरवर्षी मी फळ्यावर मोठ्ठे दोन स्लॅश काढून ठेवतो आणि दरवर्षी अर्धा तास जातोच. दुसरं लचांड म्हणजे डब्यात आकडा लिहायचा तर आउटटेक्स्टएक्सवाय या लिहिणाऱ्या हुकमाला स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ लागते, आकडा थेट दिला तर कंपायलर ओरडतो नाहीतर कचरा उमटतो, आधी आकड्याची स्ट्रिंग करून घ्यावी लागते. हे एकदा ओलांडलं की पुढे मजा.

(डबा म्हणतोय ते मुद्दाम. आधी मी खोकं म्हणायचो, पण २०२२ नंतर वर्गात खोकं म्हटलं की जो हशा पिकतो तो दहा मिनिटं थांबत नाही.)

मी फक्त एवढं सांगतो, खाली ४४० वर एक आडवी रेघ मारा, ती जमीन. प्रत्येक डबा ४० ठिपके उंच. पुश केलं की डबा काढा. बाकी कुठला डबा कुठे येईल ते तुमचं तुम्ही शोधा.

आणि इथे खरं शिकणं सुरू होतं. पहिल्यांदा जवळजवळ सगळेच टॉप गुणिले ४० असं लिहितात. रन करतात तर काय, डबे छताला लटकलेले, वटवाघळासारखे, दुसरा पहिल्याच्या खाली, तिसरा त्याच्या खाली. सर हे उलटं का वाढतंय? अरे बाबा कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर शून्य वरच्या कोपऱ्यात असतो, वाय वाढला की खाली जातो, शाळेतल्या आलेखाच्या उलट. मग वजाबाकी सुचते. डब्याची वरची कड म्हणजे ४०० वजा टॉप गुणिले ४०. टॉप शून्य तर ४००, पहिला डबा ४०० ते ४४०, जमिनीवर बसला. टॉप एक तर ३६०, त्याच्यावर बसला. हे कागदावर चार आकडे मांडून त्यांनीच काढायचं, मी नुसता फिरतो. एक पोरगा मात्र अडून बसला की माझा लटकूनच राहू दे, सर चूक आहे का? मी म्हटलं नाही, राहू दे, कारण इंटेलच्या प्रोसेसरमध्ये फंक्शन कॉलचा जो खरा स्टॅक असतो तो मोठ्या ॲड्रेसकडून लहानाकडेच वाढतो, म्हणजे खालच्या बाजूलाच. पोराची कॉलर ताठ. त्याचं वटवाघूळ अजून माझ्याकडे सेव्ह आहे.

मग टॉप दाखवायला एक लाल बाण काढायला लावतो, वरच्या डब्याच्या वरच्या कडेला. सूत्र तेच. आणि स्टॅक रिकामा असताना टॉप उणे एक असतो, हे उणे एक पोरांना कायम छळतं, सर रिकामा म्हणजे शून्य का नाही, उणे एक कुठून आलं. आता सूत्रात उणे एक घाला. ४०० वजा उणे एक गुणिले ४०, म्हणजे ४४०. म्हणजे जमीन! बाण बरोब्बर जमिनीच्या रेघेवर जाऊन बसतो. मी १९ वर्षांत उणे एक फळ्यावर किती वेळा समजावलं असेल, ॲरे, म्हणजे मेमरीतल्या ओळीने मांडलेल्या जागा, शून्यापासून सुरू होतो म्हणून वगैरे, आणि पोरं मान हलवायची. बाण जमिनीला टेकलेला बघितल्यावर एकाने नुसतं "हां चुंबळ" म्हटलं नि पुढचं टाइप करायला लागला.

ओव्हरफ्लोचं पण तसंच. दहा डबे बसतात, दहाव्याची वरची कड ४० ला येते. वरच्या ४० ठिपक्यांत पोरांनी हौसेने स्वतःचं नाव नि रोल नंबर लिहिलेला असतो. चेक लावायचा विसरला आणि अकरावा पुश केला की डबा सरळ नावावर बसतो. बारावा तर स्क्रीनच्या बाहेर, दिसतच नाही. तेव्हा मी सांगतो की आत मेमरीत पण आत्ता हेच झालंय, दहाचा ॲरे आहे, अकरावा आकडा शेजारच्याच्या घरात जाऊन लिहिला गेला, सी काही तुम्हाला अडवत नाही, तो म्हणतो तुमचं तुम्ही बघा. नाव पुसलं गेलेलं बघून चेक लावायला कुणाला सांगावं लागत नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. पॉप.

पोरं पॉपमध्ये लिहितात टॉप मायनस मायनस, म्हणजे टॉप एकने कमी, रन करतात, नि हाका सुरू होतात, सर पॉप होत नाहीये. बाण खाली उतरलेला असतो पण ४० आकडा लिहिलेला डबा वर तसाच. चालूच आहे तुझं पॉप, मी म्हणतो, तू कुठे सांगितलंस डबा पूस म्हणून? मग ते काळ्या रंगाचा भरीव चौकोन मारून डबा पुसतात आणि पुढे जातात, बहुतेकजण. गेल्या वर्षी एक मुलगी पुढे गेली नाही. तिने विचारलं, सर स्क्रीनवर मी पुसला म्हणून गेला, मग ॲरेमध्ये कोण पुसतं?

संपादक साहेब, हा प्रश्न मला १९ वर्षांत कुणी विचारला नव्हता. उत्तर असं की कुणीच पुसत नाही. १०, २५, ४० टाकले, पॉप केलं, टॉप दोनवरून एकवर आला, झालं पॉप. ४० त्याच जागेवर बसून असतो, फक्त आता तो आपल्या हिशेबात नाही. पुढचा ७७ पुश कराल तेव्हा त्याच्या उरावर ७७ लिहिला जाईल आणि तेव्हा कुठे ४० खरा जाईल. पेनड्राइव्हवरून डिलीट केलेले फोटो मोबाईलच्या दुकानवाला परत काढून देतो ते याच चालीवर, नोंद काढलेली असते, माल तिथेच पडून असतो, वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत.

हे ऐकून तिने काय केलं, काळ्या रंगाने पुसायचं बंद केलं आणि पॉप झालेला डबा गडद राखाडी रंगात काढायला लागली, आकडा आत अंधुक दिसत राहील असा. बाणाच्या खाली सगळे पिवळे डबे, बाणाच्या वर राखाडी. नवीन पुश केला की राखाडीवर पिवळा बसतो. लॅबमध्ये त्याला भूत नाव पडलं आणि दोन दिवसांत सगळ्यांच्या प्रोग्रामात भुतं फिरायला लागली. मी मनात म्हटलं जिंकलो आपण. माझ्या त्या उडत्या विरघळत्या डब्यांत हे कधीच दिसलं नसतं, उलट मी तर पॉप म्हणजे डबा विरघळतो असं सरळ खोटं दाखवत होतो, तेही आवाजासकट.

मग प्रॅक्टिकलची परीक्षा आली. बाहेरून एक परीक्षक आले, कोण कुठले ते लिहीत नाही, माणूस वाईट नव्हता, दिवसाला दोन बॅच उरकायच्या होत्या त्यांना. त्या मुलीला चिठ्ठीत स्टॅकच निघाला. तिने प्रोग्राम चालवला, तीन पुश, एक पॉप. त्यांनी राखाडी डब्यावर बोट ठेवलं.

"हे पुसलं का नाही?"
"सर, ते ॲरेमध्ये अजून आहे."
"पॉप केल्यावर नसतं."
"टॉपच्या वर आहे सर. पण आहे."
"मॅन्युअलमध्ये असं आउटपुट आहे का?"

नव्हतं. मॅन्युअलमध्ये, म्हणजे प्रॅक्टिकलच्या ठरलेल्या पुस्तकात, काळ्या स्क्रीनवर मेनू येतो, एक दाबा पुश, दोन दाबा पॉप, आणि "पॉप झालेला आकडा ४०" अशी ओळ. तिचे मार्क कापले गेले. तिच्या शेजारच्या मुलाने मॅन्युअलचा प्रोग्राम जसाच्या तसा उतरवला होता, त्याला व्हेरिएबलचं नाव विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं, त्याला पूर्ण मार्क. आणि मी तिथेच उभा होतो, इंटर्नल, म्हणजे कॉलेजचा परीक्षक म्हणून. मी म्हटलं, "सर, तिचं बरोबर आहे तसं," पण असं पुटपुटल्यासारखं, ते कागदावर सही करत होते, त्यांना ऐकू गेलं की नाही देव जाणे. परत मोठ्याने म्हणालो नाही. हे पण लिहून ठेवतो, नाहीतर सगळा दोष त्यांच्यावर टाकल्यासारखं होईल.

आता यावर कुणी म्हणेल, एवढ्याशा स्टॅकचं काय घेऊन बसलात, एआयच्या जमान्यात. अहो तुम्ही मोबाईलवर मेसेज टाइप करता करता अंडू दाबता तो स्टॅक, ब्राउझरचं मागे जायचं बटण स्टॅक, कंस जुळलेत का बघायचं तर स्टॅक, आणि एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं, दुसरं तिसऱ्याला, मग परत कुठे यायचं हे लक्षात ठेवायलाही स्टॅकच. यातली शेवटची अडचण कॉम्प्युटरशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंगला १९४६ च्या सुमारास पडली होती, त्याच्या एसीई नावाच्या कॉम्प्युटरच्या आराखड्यात त्याने परतीचा पत्ता ठेवायला जे शब्द वापरलेत त्यांचा अर्थ पुरणे आणि उकरणे. पुढे जर्मनीत म्युनिकला बाउअर आणि झामेल्झोन या दोघांनी हीच कल्पना बसवली, १९५७ मध्ये पेटंटचा अर्ज केला, आणि ते त्याला म्हणायचे केलर, म्हणजे तळघर. मला वाचल्यावर आपलं पेव आठवलं. जमिनीतला धान्याचा खड्डा, वरून भरायचा, वरूनच काढायचा, तळाचं धान्य सगळ्यात जुनं. तिकडे तळघर, आपल्याकडे पेव नि उतरंड, आणि आम्ही पोरांना सांगतो काय तर कॅफेटेरियातल्या प्लेटा, ज्या आमच्या पोरांनी फक्त पुस्तकातच बघितल्यात.

अजून एक गंमत सांगून टाकतो, कारण ती मराठी पेपरातच सांगण्यासारखी आहे. स्टॅकवर पुढचा धडा असतो पोस्टफिक्सचा, म्हणजे ५ अधिक ३ असं न लिहिता ५ ३ अधिक असं लिहायचं, क्रिया शेवटी. याचं मूळ पोलंडच्या वुकाशेविच या तर्कशास्त्रज्ञाकडे जातं, १९२४ च्या आसपासचं, त्याची क्रिया आधी यायची, नंतर ती उलटून शेवटी आली. पोरं म्हणतात सर हे काय उलटं, असं कोण बोलतं. मी म्हणतो आपणच बोलतो की! "पाच आणि तीन मिळव, आलेल्याला दोनने गुण." मिळव शेवटी, गुण शेवटी. मराठीत क्रियापद शेवटीच येतं, इंग्रजीत मध्ये येतं, म्हणून अधिकचं चिन्ह मध्ये बघायची सवय लागलीये. ५ ३ अधिक २ गुणिले. स्क्रीनवर ५ चा डबा, त्यावर ३ चा, अधिक आलं की दोन्ही उतरवा, ८ चढवा, त्यावर २, गुणिले आलं की दोन्ही उतरवा, १६ चढवा. कंस लागत नाही. एचपीचा १९७२ चा खिशातला कॅल्क्युलेटर, एचपी ३५, असाच चालायचा, त्याला बरोबरचं बटणच नव्हतं, चार डब्यांचा स्टॅक होता आत. आणि आपली नेहमीची मांडणी अशी उलटून देणारी जी पद्धत डाइक्स्ट्रा या डच कॉम्प्युटर शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये दिली तिचं नावच रेल्वेच्या शंटिंग यार्डावरून पडलं. एका बाजूने बंद असलेल्या सायडिंगला डबे ढकलले की शेवटी गेलेला आधी बाहेर येतो. भुसावळकडची पोरं असती वर्गात तर त्यांना सांगावंच लागलं नसतं.

तर त्या ॲपवाल्या लेखाबद्दल माझं म्हणणं एवढंच की ॲप घ्यायचं तर घ्या, पण मग पॉप दाबायच्या आधी पोराला विचारा आता काय होईल, कागदावर काढ, नंतर दाब. त्याने चुकीचं काढलं तर उत्तम. पैसे खर्च न करता करायचं असेल तर पायथॉनमध्ये टीकेइंटर नावाची खिडकी फुकट येते, त्यात कॅनव्हासवर चौकोन काढायला एक ओळ लागते नि पुसायला एक, त्यातही वाय खालीच वाढतो, म्हणजे वटवाघूळ तिथेही भेटेल. फक्त भूत भेटणार नाही, पायथॉनच्या लिस्टमधून पॉप केलं की ती गोष्ट लिस्टमध्ये राहत नाही, भूत बघायचं तर सी मधला ॲरेच हवा. आणि कॉम्प्युटरच नसेल तर चौकटीची वही, पेन्सिल आणि खोडरबर. खोडरबरने अर्धवट पुसलेला आकडा राखाडीच दिसतो.

आणि जे लोक मॅन्युअल लिहितात, परीक्षक नेमतात, ते तुमचा पेपर वाचत असतील तर त्यांना विनंती. जर्नलमध्ये आउटपुट म्हणून तीच ती चार वाक्यं पेनने उतरवून घेण्यापेक्षा एक पान कोरं ठेवा, पोराने चालवलेल्या स्टॅकचं चित्र त्याने तिथे काढावं, टॉपच्या वर काय आहे ते सुद्धा. आणि परीक्षकाला एवढी मुभा द्या की मॅन्युअलपेक्षा वेगळं दिसलं तर मार्क कापायच्या आधी "असं का केलंस" हे विचारून उत्तर ऐकायला पाच मिनिटं मिळतील. दिवसाला दोन बॅचऐवजी दीड झाली तरी चालेल.

ती मुलगी आता पुढच्या वर्षात आहे, रिचेकिंग वगैरे काही केलं नाही तिने, म्हणाली जाऊ दे सर. प्रोग्राम मात्र माझ्या पेनड्राइव्हवर देऊन गेलीये. येत्या टर्मला पहिल्या प्रॅक्टिकलला तोच लावणार आहे, पण पॉपची ओळ काढून टाकून, ती पोरांनी लिहायची. आणि परीक्षेच्या दिवशी या वेळी मोठ्याने बोलायचं असं ठरवलंय, बघू.

जागा कमी असेल तर जर्मनी-पोलंडचा भाग कापा. राखाडी डबा ठेवा.

आपला,
एक लॅबवाला सर,
जि. सातारा